केरी वॉल्श जेनिंग्ज एवढी गाजली कशामुळे?

प्रश्न: शाळेपासून मातीच्या मैदानावर सहा जणांचा व्हॉलीबॉल खेळलोय. वाळूवर दोघींच्याच खेळात, म्हणजे बीच व्हॉलीबॉलमध्ये, या अमेरिकन बाईचं एवढं कौतुक का? नुसती उंची?

उत्तर: सहा फूट तीन इंच, म्हणजे उंची आहेच. पण मागे चेंडू उचलायला मिस्टी मे-ट्रेनर होती ना! २००४, २००८, २०१२, तिन्ही सुवर्णं या जोडीची. तिन्ही ऑलिंपिकमध्ये मिळून एकच सेट हरल्या, लंडनला ऑस्ट्रियाविरुद्ध.

उत्तर: सलग ११२ सामने जिंकल्या ते राहिलंच की! आणि लंडनला केरी गरोदर होती, तिसऱ्यांदा. रिओत एप्रिल रॉसबरोबर कांस्य. आणि या सगळ्याच्या आधी, सिडनी ऑलिंपिकला अमेरिकेच्या इनडोअर, म्हणजे सहा जणींच्या संघात, चौथा क्रमांक.

प्रश्नकर्ता: इनडोअर? मग बाई आमच्यातलीच निघाली!