सरकार बदललं की मागच्याचं काय मोडतं?

तापीकाठचा
काल इथे एका दादांनी लिहिलं, "सरकार कुणाचंही येऊ द्या, मागच्यानं लादलेलं कुणी मागे घेत नाही, सगळे एकाच माळेचे मणी." खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस. वाचून डोकंच फिरलं. दादा, आपण एकाच राज्यात राहतो ना? इथे शपथविधीचे हार सुकायच्या आत मागच्याची फाईल उलटी होते. थेट लोकांनी निवडायचा सरपंच २०१७ ला आणला, २०२० ला काढला, २०२२ ला परत आणला. नगराध्यक्षाचंही तेच. जलयुक्त शिवार थांबवलं, चौकशी लावली, पुढच्यांनी २.० लिहून पुन्हा सुरू केलं. आमच्या गावात सरपंच थेट निवडून आला आणि बहुसंख्य सदस्य विरोधी पॅनलचे. मासिक सभा कोरमअभावी तहकूब, गटाराचा ठराव तसाच पडून. हे सगळं न बदलण्यामुळे झालं का?

शाळेतल्या बाई, धुळे
भाऊ, तुमच्या यादीत खुर्चीचं गणित सोडून काय आहे? सरपंच कसा निवडला की आपला माणूस बसतो, एवढाच हिशोब. जिथे तिजोरीतून पैसे काढावे लागतात तिथलं एक उदाहरण द्या. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. ती बंद करणारे २०१४ ला गेले, विरोधातले आले, मग २०१९ ला बंद करणारेच भागीदार होऊन परत आले. पेन्शन आली? मार्च २०२३ च्या संपात आम्ही उन्हात घोषणा देत बसलो. माझ्या वर्षभर आधी लागलेली मैत्रीण निवांत आहे, मी एनपीएसचा, म्हणजे नव्या पेन्शनचा, उतारा बघत बसते.

तापीकाठचा
हिमाचल बघा. डिसेंबर २०२२ ला सरकार बदललं, जानेवारीत जुनी पेन्शन मंजूर.

शाळेतल्या बाई, धुळे
आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथले मंत्री दोन महिने पगार उशिरा घेतो म्हणाले, तेही सांगा की.

केळीवाला, रावेर
पेन्शनवर रडणाऱ्यांना महिन्याला पगार तरी येतो. केळीच्या विम्याचं कुणी बोलतं का? भरपाई मिळायला थंडीत सलग तीन दिवस पारा ८ अंशांवर किंवा खाली पाहिजे. दोन दिवस साडेसात, तिसऱ्या दिवशी साडेआठ, की संपलं. पारा मोजायचं यंत्र महसूल मंडळाच्या गावाला, माझी बाग नदीच्या खोलगटात. थंडीचा चरका बसून पानं पिवळी पडली, निसवण (घड बाहेर येणं) अडकली, आणि यंत्र म्हणतं हवामान छान आहे. पालकमंत्री किती आले नि गेले, यंत्र तिथंच.

अमळनेरकर
एक रुपयात विमा होता तेव्हा गप्प होते का? तो २०२५ ला बंद झाला. मुख्यमंत्री बदलले, पक्ष तेच. लोकांना आवडलेलं मात्र पटकन मागे घेता येतं.

केळीवाला, रावेर
ओ साहेब, एक रुपया कापूस-सोयाबीनला होता. केळी फळपीक विम्यात जाते, हप्ता आम्ही तेव्हाही हजारांतच भरत होतो. पंख्याखाली बसून ज्ञान पाजळू नका. केळीचा भाव निघतो बऱ्हाणपूरच्या बाजारातल्या बोर्डावर, आणि व्यापारी बागेत येऊन त्याच्याही खाली मागतो. वर वजनातली कटती वेगळी.

अमळनेरकर
पंखा? आमच्याकडे दिवसा लाईट तरी असते का! कापूस घरात पडून आहे, सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून गाडी परत. तुमचंच तेवढं दुःख खरं.

भो धुळेकर
काय भो, कसाले भांडतस? विषय सरकारना शे, केळीना नही.

तापीकाठचा
धन्यवाद भो. आता बाईंचा पैशाचा मुद्दा. २०१५ ला नव्या सरकारनं १२ टोलनाके बंद केले, ५३ नाक्यांवर लहान गाड्या आणि एसटीला सूट दिली. ठेकेदारांना भरपाई तिजोरीतूनच गेली. हे उदाहरण चालेल का, की यालाही खुर्चीच म्हणायचं?

केळीवाला, रावेर
टोलमुक्ती म्हणे! नशिराबादला माझा फास्टॅग रोज वाजतो.

तापीकाठचा
तो राष्ट्रीय महामार्ग आहे हो. राज्य कसं माफ करणार?

शाळेतल्या बाई, धुळे
बरं, टोलचं दिलं तुम्हाला. गाडीवाल्यांचे कैवारी म्हणून एक हारही घ्या. पण पहिलीपासूनच्या हिंदीचे आदेश जून २०२५ मध्ये रद्द झाले ना, ते कुठल्या नव्या सरकारनं केले? ज्यांनी काढले त्यांनीच. मोर्चाची तारीख जाहीर झाली होती म्हणून. शेतकरी कायदेही तसेच गेले, दिल्लीची खुर्ची न हलता. निवडणुकीची वाट बघणाऱ्यांच्या हाती पेन्शनवाल्यांसारखा उताराच येतो.

तापीकाठचा
म्हणजे काही गोष्टी मागे जातात हे तरी मान्य. त्या दादांचं वाक्य चूक होतं, एवढंच मला पाहिजे होतं.

अमळनेरकर
आमच्या तापीवरच्या अर्धवट पाडळसे धरणाचं काय मग? त्याला तर कुणाचाच विरोध नाही. प्रत्येक सरकारला ते पूर्णच करायचंय.

केळीवाला, रावेर
आता धरण काढू नका साहेब. मला पहाटे बाग कापायला माणसं न्यायचीत.