मदत पायजेच, पण मंचाले

वरती एका दादानं लिहिलं का नाटक तिकिटावर चालते तं सरकारी मदत कायले. भाऊ, झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या चंद्रपूर-गडचिरोली-भंडारा-गोंदियाकडचं नाटक तिकिटावरच जगलं, खरं आहे. दिवाळी झाली का मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि जिथं पट तिथं रात्री नाटक, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्यात नाटक कंपन्यांची बुकिंग ऑफिसं, ऑर्गन-तबलेवाले समोर बसून पहाटपर्यंत लाईव्ह वाजवतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, छातीच फुगली आपली. पण होळीनंतर सीझन संपला का वाजवणारा धानाच्या बांधीत नायतर मजुरीवर, त्याचं काय? वृद्ध कलावंत मानधन आहे, चांगलंच आहे, पण ते पन्नाशीनंतर, तरुण पोरानं तोवर ऑर्गन सोडून दिला तर शिकवणार कोण.

मले वाटते अनुदान कंपन्यांना वाटण्यापेक्षा मोठ्या गावात एक पक्का उंच मंच, लाईट, आणि बाया कलाकारांसाठी कपडे बदलायची खोली न् संडास एवढं तरी बांधून द्या. आता तं दरवेळी मंडपाचा खर्च मंडळाच्या डोक्यावर, अवकाळी आला का सगळा पैसा पाण्यात. आणि दंडार, खडी गंमत या लोककलावाल्यांना तर तिकीटही नसते, त्यांना आधी द्या.