10 मीटर एअर पिस्तूल घ्यायचंय, तळहात लहान आहे: नेमकं काय बघून निवडायचं?

नवा_नेम: क्लबच्या पिस्तुलावर 6 महिने सराव झालाय, आता स्वतःचं घ्यायचंय. उजवा हात, उजवा डोळा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 17 सेंमी भरतं. क्लबच्या पिस्तुलाच्या ग्रिपमध्ये (हातात धरायच्या मुठीत) ट्रिगरपर्यंत बोट ताणावं लागतं आणि शॉटांचा गट टार्गेटवर डावीकडे खाली जातो. तीन प्रश्न आहेत. बॅरल लांब घ्यावं की आखूड? ट्रिगर इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल? आणि वजन किती असावं? मॉडेलची नावं सगळेच सुचवतात, निवडायचं कशावरून ते कुणी सांगत नाही.

काळं_वर्तुळ: तीन प्रश्न विचारलेत, पण चौथा राहिला आणि तोच पहिला हवा होता: ग्रिप. ग्रिप हातात बसत नसेल तर बाकीच्या तिन्हीची उत्तरं निरुपयोगी.

थोडं गणित करून बघा. 10 मीटरच्या टार्गेटवर 10 च्या रिंगचा व्यास 11.5 मिमी, पेलेट (एअर पिस्तुलाचा छर्रा) 4.5 मिमीचा. पेलेटची कड रेघेला शिवली तरी 10 मिळतात, म्हणजे मध्यापासून 8 मिमीपर्यंत मोकळीक आहे. फ्रंट साइट (बॅरलच्या टोकाकडची नेम धरायची पट्टी) आणि रिअर साइट (मागची, खाच असलेली) एकमेकींशी जुळलेल्या ठेवून सगळा हात 5 मिमी सरकला, तर शॉटही 5 मिमीच सरकतो. तो दहाच. पण मनगट वळून फ्रंट साइट खाचेत एका बाजूला गेली, की साइट रेडियस (दोन साइटमधलं अंतर) 365 मिमी धरला तर 0.3 मिमीची चूक कागदावर 8 मिमी होते. 0.3 मिमी म्हणजे व्हिजिटिंग कार्डाची जाडी! हात हलतो म्हणून नऊ-आठ लागतात असं वाटतं. बहुतेक वेळा हलतं ते मनगट.

म्हणून पिस्तूल हातात घेतल्यावर ही परीक्षा करा. आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री, मग तोंड टार्गेटच्या दिशेलाच ठेवून नेहमीसारखे उभे राहा. डोळे मिटून हात नेहमीच्या उंचीला आणा, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. असं दहा वेळा. आता दोन गोष्टी वेगळ्या बघायच्या. पिस्तूल अख्खं टार्गेटच्या डावी-उजवीकडे गेलं असेल तर तो उभं राहण्याचा दोष, पाय सरकवा. पण फ्रंट साइट खाचेत मधोमध नसेल, दर वेळी एकाच बाजूला किंवा वर-खाली दिसत असेल, तर तो ग्रिपचा दोष. पाय सरकवून तो जात नाही, मनगटाने दुरुस्त करायला गेलात तर 40 व्या शॉटला मनगट थकतं आणि चूक परत येते.

17 सेंमी हाताला बहुधा S माप लागेल, पण प्रत्येक कंपनीचा S वेगळा असतो. आकड्यावर विसंबू नका, हातात घालून बघा.

ट्रिगर_स्टॉप: वरच्या उत्तराला जोडून, कारण डावीकडे खाली जाण्याचं मूळ बोटातही असू शकतं. ग्रिप नेहमीच्या दाबाने धरून बघा: पहिल्या पेराच्या गादीचा मध्य ट्रिगरवर यायला हवा आणि बोटाचं मधलं पेर ग्रिपच्या लाकडाला लागता कामा नये. मध्ये बोटाला सहज हलता येईल एवढी फट हवी. बोट ताणून टोकानेच ट्रिगर ओढला की दाब सरळ मागे न जाता बाजूला जातो, आणि उजव्या हाताचा शॉट डावीकडे पडतो.

ट्रिगरची पट्टी बहुतेक मॅच पिस्तुलांत पुढे-मागे सरकते आणि कोनातही वळते. घेण्याआधी ती शेवटपर्यंत मागे आणून बघा. तरीही बोट ताणावं लागत असेल तर ती ग्रिप तुमच्यासाठी मोठीच आहे, पुट्टीने (ग्रिपच्या पोकळ्या भरायच्या लगद्याने) हे सुटत नाही. पुट्टी हात आणखी मागे ढकलेल.

ट्रिगरच्या वजनाचा नियम: आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) एअर पिस्तूल स्पर्धेत ट्रिगरची ओढ किमान 500 ग्रॅम. नेमका 500 ठेवू नका, 510-520 ठेवा. स्क्रू किंचित हलला तरी तपासणीत ट्रिगरला टांगलेलं वजन उचललं जायला हवं. ओढीच्या दोन टप्प्यांची (आधी बोट अडेपर्यंतचा, मग शॉट सुटण्याचा) विभागणी नवशिक्याला पहिल्यात साधारण 380-400 ग्रॅम आणि दुसऱ्यात उरलेलं, अशी बरी पडते. पहिल्या टप्प्यात फार कमी ठेवलं तर दुसरा दगडासारखा लागतो आणि माणूस तो 'तोडायला' जातो.

पेलेट_पेटी: इलेक्ट्रॉनिकचं म्हणायचं तर मोरिनी सीएम 162 ईआय हे त्यातलं जुनं, ओळखीचं नाव. ओढ दर वेळी सारखी असते आणि ड्राय फायरसाठी (पेलेट न घालता ट्रिगर ओढण्याच्या सरावासाठी) दर वेळी कॉकिंग (ट्रिगरची यंत्रणा पुन्हा ताणणं) करावं लागत नाही. घरी रोज शंभर ड्राय फायर करणाऱ्याला हा फरक फार मोठा. उलट बाजू एवढीच की बॅटरी सांभाळावी लागते, सामन्याला जाताना दुसरी खिशात हवी. मी तरी इलेक्ट्रॉनिकच सांगेन.

ट्रिगर_स्टॉप: इथे मतभेद. सहा महिन्यांच्या नेमबाजाला मेकॅनिकल बरा. दुसरा टप्पा कुठे लागतो ते बोटाला कळतं, ते कळणं आधी शिकावं.

नवा_नेम: आणि बॅरल? शिवाय ग्रिप पूर्ण बसणारी मिळालीच नाही तर?

काळं_वर्तुळ: बॅरलच्या लांबीवर जेवढी चर्चा होते तेवढा तिचा परिणाम नाही. फ्रंट साइट 0.2 मिमी सरकली तर 365 मिमी साइट रेडियसला शॉट साधारण 5.5 मिमी जातो, 320 ला 6.3 मिमी. फरक एक मिमीसुद्धा नाही, आणि रिंगमधलं अंतर 8 मिमी आहे. उलट लांब पिस्तुलाचं पुढचं वजन खांद्याला जाणवतं. सामना 60 शॉटचा, 1 तास 15 मिनिटांचा. शेवटच्या 20 शॉटांत हात वर येताना जड वाटायला लागला तर ते पिस्तूल तुमच्यासाठी जड आहे. नियमाची कमाल मर्यादा 1500 ग्रॅम, पण तिच्या जवळपास जायचं कारण नाही. हलकं घ्या, वजनाचे तुकडे पुढे लावता येतात, काढून टाकायला मात्र काही नसतं.

साइटची रुंदीही तपासा. फ्रंट साइट 4.5 मिमी असेल आणि डोळ्यापासून मीटरभर असेल, तर ती टार्गेटच्या मधल्या 59.5 मिमीच्या काळ्या वर्तुळाच्या साधारण पाऊणपट रुंद दिसते. खाचेत तिच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या पट्ट्या स्वच्छ दिसायला हव्यात. पट्ट्या केसाएवढ्या झाल्या तर डोळा ताणतो; रिअर साइटची खाच रुंद करा.

लाकूड_आणि_पुट्टी: ग्रिप जवळपास बसणारी मिळाली तर उरलेलं काम हाताने होतं. आधी काढा, मग भरा. ग्रिप हाताला जिथे टोचते तिथे पेन्सिलने खूण, बारीक पॉलिश पेपरने थोडं थोडं घासायचं, पुन्हा धरून बघायचं. मग पोकळ्या: मधल्या बोटाखाली आणि तळहाताच्या खोलगट भागात. ती जागा आधी खरबरीत करून तेलकटपणा स्पिरिटने पुसायचा, नाहीतर पुट्टी महिन्याभरात पापुद्र्यासारखी सुटते. 2-3 मिमी थर, वर पातळ प्लास्टिकचा कागद, आणि नेहमीच्या दाबाने धरायचं. जोरात आवळलं तर साचा आवळलेल्या हाताचा होतो आणि सामन्यात मोकळा हात त्यात डुगडुगतो.

नियमाची हद्द: मनगट मोकळं दिसलं पाहिजे, ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये. तळहाताखालची फळी ग्रिपशी 90 अंशांपेक्षा कमी कोनात नको आणि तिची कड वर वळलेली चालत नाही.

पेलेट_पेटी: वापरलेलं घेणार असाल तर दोन गोष्टी नक्की. पिस्तुलाच्या दाबाच्या हवेच्या सिलेंडरवरची तारीख वाचा. मुदत संपलेला असेल तर स्पर्धेत त्याची जबाबदारी तुमचीच. आणि सिलेंडर भरून, गेजचा आकडा लिहून, रात्रभर ठेवा. सकाळी आकडा उतरला तर सील गेलं. भरताना सावकाश, सिलेंडरवर छापलेल्या दाबापर्यंतच (बहुतेकांवर 200 बार), आणि कोरडी हवाच. ऑक्सिजन कधीही नाही, स्फोट होतो.

नवा_नेम: डोळे मिटून दहा वेळा करून बघितलं. आठ वेळा फ्रंट साइट खाचेत डावीकडे. पाय सरकवले तरी तशीच.

काळं_वर्तुळ: मग दोष ग्रिपचाच. ती ग्रिप सोडा आणि S मापाच्या दोन-तीन वेगळ्या ग्रिपांवर हीच परीक्षा करा. जिच्यात दहापैकी सात-आठ वेळा फ्रंट साइट आपोआप मधोमध येईल, तिच्यावर कुठलं नाव छापलंय ते नंतर वाचा.