स्टॅम्पीडमध्ये ड्रोनची आउटरनर मोटर बसेल का?

सांगलीचा_स्टॅम्पीड

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ट्रॅक्सासची स्टॅम्पीड ही रिमोटवरची गाडी आहे, १/१० आकाराची, मागच्या दोन चाकांवर चालणारी. मामेभावानं भरपूर पळवून झाल्यावर मला दिली. आत टायटन १२टी ब्रशवाली मोटर आणि एक्सएल-५ ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट). मोटरचे ब्रश झिजलेत, जोर राहिला नाही, आणि पाच मिनिटांत हात लावू देत नाही एवढी तापते.

कॉलेजच्या ड्रोन प्रोजेक्टमधल्या चार ए२२१२ १००० केव्ही (व्होल्टमागं मिनिटाला १००० फेरे) मोटरी, ३० अँपिअरचे सायमनके सॉफ्टवेअरचे ईएससी आणि ३एस (तीन सेलची) लायपो बॅटरी घरात पडून आहे. वाचलंय की आउटरनरला (बाहेरची टोपी फिरते ती मोटर) इनरनरपेक्षा (आतला भाग फिरतो ती) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्त, आणि मॉन्स्टर ट्रकला टॉर्कच लागतो. मग यातली एक थेट बसवली तर? शाफ्ट ३.१७ मिमीचाच आहे, जुनी पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) चालेल. स्क्रूची भोकं जुळत नाहीत, पण ॲल्युमिनियमची पट्टी करून घेता येईल. नवीन कॉम्बोला (मोटर-ईएससीची जोडी) सध्या पैसे नाहीत. कुणी केलंय का असं?

पिंपरी_बॅशर

पैसे साठव आणि ३६६० मापाची सेन्सरलेस कॉम्बो घे. ३६ मिमी व्यास, २५ मिमी अंतरावर एम३ची दोन भोकं, जुन्या जागी थेट बसते. ईएससी गाडीचाच येतो, पाणी-चिखल सोसतो. विमानाची मोटर विमानात शोभते.

उद्यमनगर_लेथ

वरच्या दादांचं चुकीचं नाही. नुसती गाडी पळवायची असेल तर तेच कर. पण पोरानं आउटरनरचं विचारलंय, आणि माझ्या स्टॅम्पीडमध्ये आउटरनरच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी तुझ्या ए२२१२ चं. नको भावा. त्यातले २२ आणि १२ हे आतल्या स्टेटरचे (न फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) आकडे, व्यास आणि उंची. बाहेरून ती २८ मिमीची, वजन ५० ग्रॅमच्या आसपास. ड्रोनमध्ये अशा चौघी मिळून वजन वाटून घेतात आणि पात्यांचा वारा सतत अंगावर असतो. तू एकटीच्या गळ्यात दोन किलोची गाडी, एवढे मोठे टायर आणि वरून झाकलेली बॉडी बांधणार. बारा-पंधरा अँपिअरच्या वर ती फार वेळ टिकत नाही. गवतात चाक अडकलं की तेवढे अँपिअर मागायला क्षणभरही लागत नाही. आणि सायमनकेला रिव्हर्स नाही. भिंतीला नाक लागलं की चालत जा, गाडी उचल, फिरव, परत ये. व्यायाम होईल एवढंच.

दुकानात ३५४८ असं लिहिलेली मोटर दिसेल. इथं बहुतेक जण बाहेरच्या टोपीचं माप देतात, व्यास ३५, लांबी ४८. म्हणजे दोन मोटरींचे चार-चार आकडे शेजारी ठेवून तुलना करू नको. व्हर्नियर लाव. टायटन ३६ मिमीची आहे, तेव्हा ३५ची टोपी त्याच जागेत मोकळी फिरते. ४२ची घ्यायचा मोह होईल, पण घेण्याआधी गिअरबॉक्सच्या कवचापासूनचं अंतर मोज. टोपी फिरणारी आहे, घासली की संपलं.

टॉर्कचं जे वाचलंस ते अर्धंच खरं आहे. एका अँपिअरला किती टॉर्क मिळणार हे केव्हीवरून ठरतं: ९.५५ भागिले केव्ही, उत्तर न्यूटन-मीटरमध्ये. मोटर आतून फिरते की बाहेरून, याचा त्या सूत्रात पत्ताच नाही. माझी ११०० केव्हीची, तिला अँपिअरमागं सुमारे ०.००८७. स्टॅम्पीडच्या व्हीएक्सएल आवृत्तीत व्हेलिनिऑन येते, इनरनर, ३५०० केव्ही, तिला ०.००२७. तिपटीहून जास्त फरक! पण तेवढ्याच व्होल्टवर ती फिरतेही तिपटीनं जास्त. पिनियन लहान करून तिला खाली आणलं की चाकावरचा हिशोब फिटतो.

मग आउटरनर घ्यायची कशाला? चुंबक बाहेरच्या टोपीत असतात, म्हणून जोर लागतो ती त्रिज्या मोठी. पोल (चुंबकांचे ध्रुव) ही जास्त. त्यामुळं तेवढ्याच वजनात ती कमी फेऱ्यांवर, तांबं कमी तापवून जोर देते. मोठी पिनियन घेते, गिअर किंचाळत नाहीत. मला तो घुमणारा आवाज आवडतो, हेही एक कारण आहे आणि मी ते लपवत नाही.

माझं गणित असं. ३एस म्हणजे ११.१ व्होल्ट, गुणिले ११००, म्हणजे बिनलोडचे सुमारे १२,२०० फेरे. गिअरबॉक्सच्या आतलं प्रमाण २.७२, ते ठरलेलं. मूळचा स्पर (पिनियन ज्याला फिरवते ते मोठं गिअर) ४८ पिचचा, ८६ दात्यांचा. तो काढून मी ०.८ मॉड्यूलचा ५४ दात्यांचा टाकला (पिच, मॉड्यूल ही दात्यांच्या आकाराची मापं), त्याला १७ची पिनियन. ५४ भागिले १७ म्हणजे ३.१८, एकूण ८.६४. चाकाला मिनिटाला १,४१० फेरे. टायर १२ सेंमीचा धर, ताशी ३२ किमी निघतात, कागदावर. मैदानात त्यातले चार-पाच कमी धर. ज्याला साठ-सत्तर पाहिजेत त्यानं पुढं वाचू नये.

स्पर बदलायचं कारण शाफ्ट. ३५४८ ला ५ मिमीचा शाफ्ट येतो आणि ५ मिमी भोकाची पिनियन जाड दात्यांत सहज मिळते, ४८ पिचमध्ये शोधत बसावं लागतं. पोरं येतात माझ्याकडं, म्हणतात शाफ्ट घासून ३.१७चा करून द्या. मी करत नाही. आउटरनरची टोपी एकाच बाजूनं धरलेली असते आणि पिनियन दुसऱ्या टोकाला ढकलते. वाकवणारा सगळा जोर त्या शाफ्टवर येतो. पाचचा आहे तो पाचच राहू दे.

शाफ्ट कुठल्या बाजूनं बाहेर येतो तेही बघ. गाडीत तो माउंटच्या, म्हणजे न फिरणाऱ्या बाजूनं यायला पाहिजे. विमानासाठी लावलेला असेल तर टोपीच्या बाजूनं असू शकतो. उलटा करता येतो: सी-क्लिप काढ, टोपीतले ग्रब स्क्रू सोड आणि आर्बर प्रेसवर हळू दाब. हातोडी नको, बेअरिंगच्या कड्यात खड्डे पडतात. स्क्रू जिथं बसणार तिथं शाफ्टवर सपाटी पाड, मग निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद).

आता तू जिला पट्टी म्हणतोस ती. खरं काम तिथंच आहे. इनरनरचं वाइंडिंग बाहेरच्या डब्याला चिकटलेलं असतं, डब्यावर हीटसिंक चढवला की भागलं. आउटरनरचं वाइंडिंग पोटात, आणि बाहेरची टोपी फिरती, तिला हीटसिंक लावणार कसा? उष्णतेला पक्की वाट एकच: स्टेटरच्या मधल्या नळीतून माउंटमध्ये आणि माउंटमधून प्लेटमध्ये. म्हणून पट्टी नको, प्लेटच पाहिजे. मी ४ मिमी ॲल्युमिनियमची केलीय, मोटर टेकते ती बाजू लेथवर फेस करून, मध्ये थर्मल पेस्ट लावून. माझ्या मोटरच्या तळाला १९ आणि २५ मिमीवर भोकांच्या जोड्या होत्या, त्यातली २५ची वापरली. प्लेटमधली भोकं गोल पाडली नाहीत, लांबट खाचा काढल्या, नाहीतर पिनियन आणि स्परच्या दात्यांची मेश (दाते एकमेकांत बसण्याचं अंतर) कशी लावणार? मधलं भोक एवढं मोठं ठेव की सी-क्लिप प्लेटला लागणार नाही.

वायरी माउंटच्या बाजूनंच निघतात, म्हणजे प्लेट आणि फिरती टोपी यांच्या फटीतून. तिथं त्या झिप-टायनं प्लेटला आवळून बांध. सैल वायर टोपीला लागली तर इन्सुलेशन जाईल आणि मागोमाग ईएससीही जाईल.

तापमान टोपीवर मोजून खूश होऊ नको. टोपी थंड आणि पोटात आग, असं होतं. वायरीच्या मुळाशी आणि प्लेटवर मोज. साध्या ग्रेडच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा ८० अंशांच्या आसपास, त्यापुढं त्यांचा जोर कायमचा उतरू शकतो.

ठाणे_फिक्स्डविंग

लेथवाल्या काकांनी ईएससीबद्दल फार लिहिलं नाही, ते मी जोडतो. एक्सएल-५ ब्रशवाल्या मोटरीचा आहे, तो इथं चालणारच नाही. गाडीचाच ब्रशलेस ईएससी घे, रिव्हर्स आणि ब्रेक दोन्ही पाहिजेत म्हणून.

अशा मोटरींत बहुधा १२ स्लॉट आणि १४ चुंबक असतात, म्हणजे पोलच्या सात जोड्या. ३एस पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट, गुणिले ११००, गुणिले ७, साधारण ९७,००० इलेक्ट्रिकल फेरे. ईएससीच्या पुस्तिकेत दोन पोलच्या मोटरीसाठी जो कमाल आकडा दिलेला असतो तो याच्या बराच वर पाहिजे.

दुसरं म्हणजे सुरुवातीची धडधड. सेन्सरलेस ईएससीला मोटर थांबलेली असताना टोपी कुठं आहे ते कळत नाही, थोडी फिरली की मग वायरीतल्या उलट्या व्होल्टेजवरून अंदाज येतो. मोठे टायर आणि चढ असेल तर जागेवरच थरथरते. ईएससीच्या सेटिंगमधला पंच (सुरुवातीचा झटका) सगळ्यात खाली ठेव, टायमिंग मधलं, आणि पहिल्यांदा लहान पिनियन लावून बघ. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल कर.

मांडवी_किनारा

रत्नागिरीहून. एकच सांगायचं आहे. आउटरनर उघडी असते आणि आतमध्ये चुंबकांची रांग. आमच्या मांडवी किनाऱ्याला लोक काळा समुद्र म्हणतात ना, त्या वाळूत इल्मेनाइट, मॅग्नेटाइट ही लोखंड असलेली खनिजं भरपूर. ती चुंबकांना अशी चिकटते की ब्रशनं निघत नाही, हवेनं निघत नाही. चिकटपट्टीचा गोंद आत दाबून ओढायचा, तासभर. टोपी आणि स्टेटरमधली फट मिलिमीटरच्याही आतली, एक खडा पुरतो. मी हल्ली आउटरनरवाली गाडी पांढऱ्या समुद्रावरही (पांढऱ्या वाळूचा किनारा) नेत नाही, नुसती डांबरावर आणि गवतावर चालवतो.

उद्यमनगर_लेथ

मांडवीकर बरोबर. आमच्याकडं वाळू नाही पण रस्त्यावर लोखंडाचा चुरा आहे, तोच प्रकार. मी टोपीभोवती पीव्हीसी पाइपचा अर्धा गोल तुकडा लावलाय, टोपीपासून ३ मिमी लांब, मागून उघडा. पूर्ण बंद करू नको, वारा लागतो.

सांगलीचा_स्टॅम्पीड

सगळ्यांचे आभार. ए२२१२ चा नाद सोडला, ज्युनिअरच्या ड्रोनला देऊन टाकतो. काका, दोन शंका. ३५४८ मध्ये ९०० केव्ही स्वस्त मिळतेय, चालेल का? आणि २२०० एमएएचची ड्रोनची लायपो या मोटरला पुरेल का?

उद्यमनगर_लेथ

९०० चालेल, पण ३एसवर त्याच गिअरला २६ किमीच्या आसपास निघतील, तेही बिनलोडचे. त्यापेक्षा जोरात पाहिजे तर २०-२१ची पिनियन लाव, मोटर सोसते का ते तापमान बघून ठरव. ४एस करू नको. गिअरबॉक्सचे दाते प्लॅस्टिकचे आहेत, आणि जड टोपी चाकं अचानक अडकल्यावरही पुढं फिरायला बघते, तो धक्का त्यांच्यावरच येतो. स्लिपर (धक्का बसला की घसरणारा क्लच) थोडा सैल ठेव.

बॅटरीवर सी (क्षमतेच्या किती पट अँपिअर देते तो आकडा) किती लिहिलंय ते बघ. २२०० ला ३०सी खरे असतील तर ६६ अँपिअर, पुरतील, फक्त दहा मिनिटांत संपेल. ईएससीचा कटऑफ सेलमागं ३.४ व्होल्टला लाव. आणि ट्रेमध्ये ती घट्ट बसत नसेल तर खाली फोम घाल, उडी मारल्यावर सरकली तर वायर टायरमध्ये जाते.

मोटर घेण्याआधी जुनी मोटर-प्लेट काढून घेऊन ये कोल्हापूरला. मापं मी घेतो, ४ मिमीचा तुकडा भंगारात पडलाच आहे. पिनियन मात्र तू आण, ०.८ मॉड्यूल, ५ मिमी भोक. मॉड्यूल १ची आणशील तर परत पाठवीन.