मदत हवी आहे: युरिया घालूनही अकेशियाचा पाला कुजेना

नमस्कार मंडळी,
मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली, एम.एस्सी. वनस्पतीशास्त्र करते. उष्णता आणि नत्र वाढलं की रानातला पालापाचोळा कुजण्याचा वेग कसा बदलतो, हा माझ्या प्रकल्पाचा विषय. भीमगड अभयारण्यात परवानगीचे सोपस्कार फार, म्हणून जांबोटीकडे काकांच्या मालकी रानात जागा घेतली.

2 मिलिमीटर जाळीच्या नायलॉन पिशव्यांत वाळवून तोललेला पाला भरून जमिनीवर ठेवलाय. पांगारा, ऐन (खात्याच्या पाटीवर 'मत्ती') आणि अकेशिया. काही वाफ्यांना युरियाचं पाणी, चौरस मीटरला वर्षाला 11 ग्रॅम युरिया या हिशेबानं. काहींभोवती पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक कुंपण, वरून उघडं. आत दिवसा दीड-दोन अंश जास्त असतं. बाकीचे साधे.

पावसाळाभर सगळं पुस्तकाबरहुकूम. गरम वाफ्यांत पाला भराभर कुजला, युरियातला पांगारा तर बघता बघता संपला. दसरा झाला आणि चित्र फिरलं. गरम वाफे मागे पडले. आणि अकेशियाचं उरलेलं वजन युरियाच्या वाफ्यांत साध्या वाफ्यांपेक्षा जास्त! सर म्हणतात, वजनं परत घे. उकिरड्यात युरिया टाकला की खत लवकर होतं हे आमच्याकडे कुणीही सांगेल. मग इथं उलटं का? हे निकाल प्रबंधात घालू का?

प्रतिसाद १
ताई, घाला. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे तुमची मात्रा वर्षाला हेक्टरी साधारण 50 किलो नत्र. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1988 पासून जो नत्राचा प्रयोग चाललाय, त्यातली कमी मात्रा हीच, मोठी 150 किलोची. तिथंही नत्रानं जमिनीतला कार्बन घटण्याऐवजी साठत गेला, म्हणजे कुजणं मंदावलं.

कारण लिग्निन, म्हणजे पानाला-लाकडाला ताठपणा देणारा घटक. सुरुवातीला साखरा आणि सेल्युलोज कुजतात, तेव्हा जंतूंना नत्र कमी पडतं, युरिया उपयोगी येतो. पांगाऱ्याचं काम तिथंच उरकतं. पुढं उरतं ते चिवट लिग्निन. ते फोडतात मुख्यतः पांढरी कूज आणणाऱ्या बुरश्या, आणि आयतं नत्र मिळालं की त्यांची लिग्निन फोडणारी विकरं (एन्झाइम) बऱ्याचदा मंदावतात. त्यात अकेशिया मुळांच्या गाठींतून नत्र मिळवणारं झाड, त्याच्या पाल्याला नत्राची वाण मुळात कमीच. उकिरड्यात शेण, मूत्र, ओल, उलथापालथ सगळंच असतं, त्याच्याशी तुलना नको.

उष्णतेचं म्हणाल तर ओल असेपर्यंतच ती वेग वाढवते. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस थांबला की गरम वाफ्यातला पाला आधी सुकतो आणि जंतूंचं काम थंडावतं. दर वेळी पिशवी उचलताना पाल्याचं ओलं वजनही टिपा, नाहीतर परीक्षक इथंच धरतील.

प्रतिसाद २
वरचं पटलं, पण सरांचा संशय अगदीच उडवून लावू नका. तुमच्याकडची तांबडी माती पावसात उडून जाळीतून आत बसते आणि वजन फुगतं. प्रत्येक नमुन्यातला थोडा पाला 550 अंशांवर जाळून राख तोला, तशीच सुरुवातीच्या पाल्याचीही, आणि हिशेब राखविरहित वजनावर करा; माती जळत नाही, ती राखेत उरते. वाळवी शिरलेल्या पिशव्या वेगळ्या नोंदवा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. राखेचं केलेलं नाही, पण सगळे नमुने जपून ठेवलेत. आमच्या विभागात त्यासाठी लागणारी मफल भट्टी (खूप तापणारी बंद विद्युत भट्टी) नाही. बेळगावात बाहेरच्या विद्यार्थ्यांना कुठं वापरू देतात, कुणी सांगेल का? अकेशियाचे नमुने आधी जाळायचा विचार आहे.