मदत हवी आहे: जबड्याचा सांधा दुखतोय, ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) नॉर्मल. तपासायचं कसं?

कोरी_पाटी
मी फिजिओ आहे, तालुक्याच्या गावी क्लिनिक. रोज गुडघे, कंबर, खांदे. आता एक बाई आल्यात, डावीकडे कानापुढे दुखतं, चावताना जास्त. कानवाल्यांनी कान स्वच्छ सांगितला, दातवाल्यांनी ओपीजी काढून नॉर्मल म्हटलं आणि माझ्याकडे ढकललं. अल्ट्रासाऊंडचा शेक देऊन पाहिला, ढिम्म फरक नाही. उद्या संध्याकाळी परत येतायत. काय तपासू ते सरळ सांगा. 'स्पेशालिस्टकडे पाठवा' हे नको, ते मलाही कळतं.

दाढदुखे
(डेंटिस्ट) वय? तोंड किती उघडतं? कट् आवाज? हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला जाते? सुपारी? यातलं काहीच न लिहिता काय सांगणार, कप्पाळ! ओपीजीत हाड दिसतं, सांध्यातली चकती दिसत नाही. त्या 'नॉर्मल'वर जाऊ नका.

कोरी_पाटी
पस्तिशीच्या. तोंड बऱ्यापैकी उघडतं. सुपारी कशाला विचारू, शिक्षिका आहेत हो.

निशाचर
झोपेत दात खात असणार, लिहून घ्या. नाईट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचा प्लास्टिकचा साचा) करा. मी केला, महिन्यात मोकळा. उगाच तपासण्यांत पैसे घालवू नका.

दाढदुखे
@निशाचर, गार्डने दात झिजायचे वाचतात. दुखतंय काय ते गार्ड सांगत नाही.
@कोरी_पाटी, 'बऱ्यापैकी' म्हणजे किती मिमी? वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांमध्ये पट्टी धरा. ४०च्या वर ठीक, ३५च्या खाली गडबड. पट्टी नसेल तर पेशंटची (तुमची नव्हे!) तीन बोटं उभी जातात का बघा. आणि शिक्षिका सुपारी खात नाहीत हे कुणी सांगितलं? २०१२ला राज्यात गुटखाबंदी झाली, सुगंधी सुपारीच्या पुड्या पर्समध्ये आहेतच. गालाच्या आतून बोट फिरवा. ताठ पट्टे लागले, तिखटाने आग होत असेल, तर सांध्याला हात लावू नका, तो सुपारीने तोंड आखडण्याचा आजार, वेगळा.

आजीचा_बटवा
कोमट तिळाचं तेल तोंडात धरून ठेवायला सांगा. आमच्याकडे सगळे करतात, दातही पांढरे राहतात.

दाढदुखे
दात पांढरे करायचं कुणी विचारलंय?

मानेवर_खडा
मीही फिजिओ. दाबून बघायची पद्धत सांगते, २०१४पासून निदानाचे जे निकष वापरतात त्यातली. सांध्यावर साधारण अर्धा किलो दाब, गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंवर एक किलो. किचनच्या वजनकाट्यावर बोट दाबून आधी सवय करा, नाहीतर आपण गुडघ्याच्या हिशोबाने दाबतो आणि पेशंट किंचाळतो. 'दुखतं का' एवढ्यावर थांबू नका. 'हेच का तुमचं रोजचं दुखणं?' असं विचारा. दाबल्यावर कुणालाही दुखतं.

कोरी_पाटी
आत्ताच गेल्या. सुपारी नाही. २८ मिमी. उघडताना हनुवटी डावीकडे जाते. जबडा उजवीकडे फारसा सरकत नाही, डावीकडे सरकतो. डावा सांधा दाबल्यावर 'हेच' म्हणाल्या. आधी कित्येक वर्षं कट् वाजायचं, दिवाळीपासून बंद आहे. ते बरंच झालं ना, म्हणून लिहिलं नव्हतं.

दाढदुखे
अहो, हेच तर पहिल्या ओळीत हवं होतं! चकती पुढे घसरलेली होती, उघडताना कट् करून जागेवर यायची. आता येत नाही, म्हणून आवाज बंद आणि तोंडही बंद. डावा सांधा अडकलाय. खात्री हवी तर एमआरआय, तोंड मिटून आणि उघडून दोन्ही. तोवर मऊ खाणं, शेक, जांभई देताना हनुवटीखाली मूठ. जोर लावून तोंड उघडायचं नाही.

मानेवर_खडा
जोर नको, पण हातही लावू नका असं नाही. दाढांवर अंगठा ठेवून सांधा हलकेच खाली ओढायचा. अडकून फार दिवस झाले नसतील तर बरेचदा सुटतो.

दाढदुखे
दिवाळी होऊन किती दिवस झाले, मोजा. नाही सुटला तर तोंडाच्या सर्जनकडे, सांधा सुईने धुतात. दुखणं बऱ्याच जणांचं कमी होतं, चकती जागेवर येईलच असं नाही.

सासुरवाशीण
मध्येच घुसते. सासूबाई ७१, चावता चावता जबडा भरून येतो, थांबल्या की बरं. कानशील दुखतं, केस विंचरू देत नाहीत. हाच सांधा का?

दाढदुखे
नाही. उद्याची वाट बघू नका, आजच फिजिशियनकडे न्या. ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) लागेल. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते, त्यात नजर जाते. धूसर किंवा दोन-दोन दिसत असेल तर थेट हॉस्पिटल.

निशाचर
गार्डचं कुणी बोलेना. बरं, तो धुवायचा कशाने? माझा पिवळा पडलाय.

सासुरवाशीण
निघालो आहोत. थोडं धूसर दिसतं म्हणाल्या, आधी सांगितलंच नव्हतं.