‘इलेक्ट्रिकचा फुगा फुटला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सरळवाट :
काल इथे कुणीतरी ठासून लिहिलं, ‘इलेक्ट्रिकचा फुगा फुटला, कंपन्यांना अक्कल आली, पेट्रोल जनरेटर लावलेली रेंज एक्स्टेंडर गाडी (चाकं मोटरवर, इंजिन फक्त वीज तयार करायला) हेच भविष्य.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

अक्कल कितव्यांदा येतेय ते तरी बघा. व्होल्वोने 2021 मध्ये जाहीर केलं, 2030 पासून फक्त इलेक्ट्रिक. सप्टेंबर 2024 मध्ये त्याचे 90 ते 100 टक्के झाले, आणि त्यात प्लग-इन हायब्रिडही बसवल्या, म्हणजे वायर लावून चार्ज होणाऱ्या पण पेट्रोलवरही चालणाऱ्या गाड्या. मर्सिडीजने 2021 मध्येच दशकाअखेरीस पूर्ण इलेक्ट्रिकची तयारी सांगितली होती, 2024 मध्ये पाय मागे घेतला. अमेरिकेतल्या रॅम कंपनीने सप्टेंबर 2025 मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक पिकअप रद्द केला आणि त्याच्यासाठी राखलेलं नाव जनरेटरवाल्या रॅमचार्जरला दिलं. डिसेंबर 2025 मध्ये फोर्डने पूर्ण इलेक्ट्रिक एफ-150 लाइटनिंग थांबवली, पुढची लाइटनिंग रेंज एक्स्टेंडर असेल म्हणून सांगितलं, आणि सगळ्या फेरबदलांपायी 19.5 अब्ज डॉलरचा बोजा जाहीर केला.

यात बॅटरी किंवा मोटर नापास झाली कुठे? अमेरिकेतली इलेक्ट्रिक गाडीवरची 7,500 डॉलरची करसवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपली. युरोपियन कमिशनने डिसेंबर 2025 मध्ये नव्या गाड्यांच्या उत्सर्जनात 2035 साठी 100 टक्क्यांऐवजी 90 टक्के कपातीचा प्रस्ताव मांडला. नियम सैल झाले की बेत बदलतात, आणि नाव मात्र ग्राहकाच्या पसंतीचं.

माझा राग जनरेटरवर नाही, या धरसोडीवर आहे. मी एका सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात होतो, नाव घेत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाच्या शब्दावर मोटर वाइंडिंगची नवी लाइन कर्ज काढून बसवली, पोरांना शिकवून तयार केलं. ऑर्डर निम्म्यावर आली. ती पोरं आज भलतीच कामं करतात. त्यांना फुगा फुटल्याची टाळी ऐकवू नका.

ओझेवाला :
तो ‘कुणीतरी’ मी. नाव घेऊन लिहायचं होतं.

मी पोटासाठी ट्रेलर ओढतो. इलेक्ट्रिक पिकअप वापरून झाला आहे. रिकामा असताना त्याला तोड नाही, हे मीच सांगतो. पण मागे उंच ट्रेलर जोडला की रेंज निम्म्यावर. चार्जर बहुतेक ठिकाणी पार्किंगच्या खणात. म्हणजे ट्रेलर सोडा, बाजूला लावा, चार्ज करा, परत जोडा. रात्री, पावसात, एकट्याने. पंपावर मी सरळ आत जातो आणि सरळ बाहेर पडतो.

त्या रॅममध्ये 92 किलोवॅट-तासांची बॅटरी आहे, 3.6 लिटरचं व्ही6 इंजिन निव्वळ वीज तयार करायला. कंपनीचा दावा विजेवर सुमारे 230 किमी, एकूण 1,100. मला हेच हवंय. फोक्सवॅगनच्या स्काउट या अमेरिकी ब्रँडने पूर्ण इलेक्ट्रिक आणि जनरेटरवाला असे दोन्ही पर्याय समोर ठेवले, तर बुकिंग करणाऱ्यांतल्या 80 टक्क्यांहून जास्त लोकांनी जनरेटर निवडला. हा कौल नाही तर काय आहे?

सरळवाट :
बुकिंगची अनामत परत मिळते. तेवढ्यावर कौल ठरत नाही. आणि पिकअप घेणाऱ्यांतले रोज ट्रेलर ओढणारे किती? थोड्यांच्या अडचणीसाठी सगळ्यांना इंजिन, टाकी, सायलेन्सर आणि मोठी बॅटरी असं दोन गाड्यांचं सामान विकायचं का?

ओझेवाला :
तुमच्या लाइनवरची पोरं ती माणसं, आणि रात्री पावसात ट्रेलर सोडणारा तो ‘थोड्यांतला’? तुम्ही कधी जोडलाय का ट्रेलर? नसेल तर माझ्या अडचणीचं माप काढू नका.

आकडेमोड :
दोघेही तापलात, पण प्लग लावण्याबद्दल कुणी बोललंच नाही. युरोपियन कमिशनने मार्च 2024 मध्ये गाड्यांमधल्याच मीटरवरून काढलेला हिशेब छापला. प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. 2022 च्या फ्राउनहोफर आणि आयसीसीटी या संशोधन संस्थांच्या अभ्यासात तर नोकरीत कंपनीकडून मिळालेल्या गाड्या जेमतेम 11 ते 15 टक्के अंतर विजेवर कापताना दिसल्या. पेट्रोल कंपनी भरते, मग घरी वायर लावायचा कंटाळा कोण सोडणार?

रोजची फेरी :
त्याच अभ्यासात खाजगी मालकांचा आकडा 45 ते 49 टक्के आहे, तो का गाळलात? आणि त्या गाड्यांची बॅटरी केवढीशी! विजेवर 50 किमी जाणारी आणि 200 किमी जाणारी गाडी एका तराजूत घालू नका. चीनने 2026 पासून खरेदी करातल्या सवलतीसाठी अशा गाड्यांना विजेवर किमान 100 किमीची अट घातली, ती याच कारणाने पटते. शांघायने तर 2023 पासून त्यांना फुकट नंबर प्लेट देणं बंद केलं.

आकडेमोड :
खाजगीचा आकडा द्यायला हवा होता, बरं. तरी निम्मं अंतर पेट्रोलवरच आहे.

तेलकट हात :
जे इंजिन महिनोन्‌महिने चालतच नाही त्याचं काय होतं ते मला विचारा. वर्कशॉपला एक प्लग-इन आली. मालक नेमाने चार्ज करणारा, टाकीत कित्येक महिन्यांचं तेच पेट्रोल. लांबच्या रस्त्याला बॅटरी उतरली, इंजिन उठलं आणि अडखळायला लागलं. इंजेक्टर चिकटलेले. पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, राहिलेल्याचा डिंक होतो. इथेनॉल असेल तर ओल धरतं ते वेगळंच. गाडी नीट वापरणाऱ्यालाच शिक्षा! वर कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय आम्हाला ते इंजिन मुद्दाम चालू करून तपासता येत नाही, आणि बाहेरच्या मेकॅनिकला ते सॉफ्टवेअर देत नाहीत.

रोजची फेरी :
हे दुखणं जुनं आहे आणि त्यावर औषधही आहे. 2010 मध्ये आलेल्या शेवरले व्होल्टची टाकी बंदिस्त होती. दीडेक महिना इंजिन चाललं नाही तर गाडी ते थोडा वेळ चालवून घ्यायची, पेट्रोल साधारण वर्षभराचं झालं की जाळून संपवायची. मी तर माझ्या गाडीची टाकी एरवी पाऊणही भरत नाही.

तेलकट हात :
थोडा वेळ चालवणं हाच तर रोग आहे, ताई. ऑइल गरम होण्याआधी इंजिन बंद झालं की न जळलेलं पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक नाकाशी धरली तरी कळतं.

रोजची फेरी :
तो त्रास चाकांना जोडलेल्या इंजिनाचा. नुसता जनरेटर असेल तर ऑइल तापेपर्यंत चालू ठेवायला कोण अडवतंय? बॅटरीत जागा असली म्हणजे झालं.

तेलकट हात :
हायवेवर तसं होत नाही ना. बॅटरी तळाला गेल्यावर थंड इंजिन उठतं आणि त्याच्यावर लगेच भार पडतो. आधीपासून हलक्या भारावर चालवायला हवं.

सरळवाट :
धागा शिळ्या पेट्रोलवर नाही.

घाटमाथा :
असू दे, मुद्दा महत्त्वाचा आहे. बीएमडब्ल्यू आय3 आठवा. 647 सीसीचं, स्कूटरवरून घेतलेलं दोन सिलिंडरचं इंजिन. युरोपात बॅटरी 75 टक्क्यांखाली गेली की चालक ते आधीच सुरू करून ठेवू शकायचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कमी प्रदूषणाच्या गाड्यांच्या वर्गवारीत बसवायला ती सोय काढली आणि टाकीची क्षमताही सॉफ्टवेअरने कमी केली. बॅटरी जवळपास संपल्यावरच इंजिन उठायचं, मग लांब चढावर त्याची वीज पुरायची नाही आणि वेग पडायचा. गाडी तीच, नियमाने तिला वेगळं केलं.

सरळवाट :
मी पहिल्या पोस्टमध्ये हेच लिहिलं होतं! चीनमध्येही बघा. 2020 मध्ये फोक्सवॅगनच्या तिथल्या प्रमुखांनी रेंज एक्स्टेंडरला निरर्थक म्हटलं, आणि 2025 च्या शांघाय प्रदर्शनात त्याच कंपनीने 1,000 किमीहून जास्त रेंजची तशी गाडी मांडली.

ओझेवाला :
आणि रेंज एक्स्टेंडरवर मोठी झालेली ली ऑटो 2024 पासून पूर्ण इलेक्ट्रिकही विकते. दोन्ही एकत्र नांदतात. मग एकीसाठी दुसरीचा जीव गेलाच पाहिजे असं तुम्ही का धरलंत?

सरळवाट :
तसं धरलेलं नाही. ट्रेलर ओढणाऱ्याला जनरेटर द्या, तुमच्यापुरतं मानलं. पण शहरात ऑफिसला जाणाऱ्याच्या गळ्यात तो बांधू नका. आणि दिलेल्या शब्दावर कुणी कारखाना उभारला असेल तर शब्द फिरवताना त्याची भरपाई करा.

ओझेवाला :
भरपाईचं बरोबर आहे. पोरांबद्दल मला माहीत नव्हतं, टाळी त्यांच्यासाठी नव्हती. पण ट्रेलरसह उभं राहता येईल असे चार्जर रस्त्यावर दिसत नाहीत तोवर मी जनरेटरच घेणार, आणि इतरांनाही तेच सांगणार.

तेलकट हात :
घ्या, पण घेताना दोन गोष्टी लेखी मागा. इंजिन आधीपासून चालू ठेवायचं बटण आहे का, आणि वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या वर्कशॉपला तपासणीचं सॉफ्टवेअर मिळणार का. दुसऱ्याला नाही म्हणाले तर गाडी घेऊ नका.